त्या मंगळवारची एसटी

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई सुरू झाली तेव्हा मी श्रीरामपूरपासून सात मैलांवरच्या एका गावात प्राथमिक शाळेत मास्तर होतो. वय तेवीस. आणि माझी अगदी प्रामाणिक समजूत होती की ही लढाई आपलं सैन्य आणि मी, असे दोघं मिळून लढतो आहोत. सैन्याकडे रणगाडे होते, माझ्याकडे फळा होता.

हा फळा ग्रामपंचायतीच्या वाचनालयाबाहेर टांगलेला असे. वाचनालय म्हणजे एक खोली, एक बाक आणि दुपारच्या एसटीने येणारं कालचं वर्तमानपत्र. ताजी बातमी हवी असेल तर सकाळी सातला शिंप्याच्या दुकानातल्या ट्रान्झिस्टरसमोर बसायचं, बातम्या कागदावर उतरवायच्या आणि लगेच फळ्यावर चढवायच्या. हे काम मी अंगावर घेतलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. अशी कामं मला कधी कुणी सांगावी लागत नाहीत. मी आपणहून घेतो आणि मग इतरांना ती निस्तरावी लागतात.

लढाईच्या आधी या फळ्याकडे फारसं कुणी बघत नसे. वर मी दिल्लीतल्या घडामोडी लिहायचो आणि लोक तळाची ओळ वाचायचे: 'तांबडी कालवड हरवली आहे. शिंगांना हिरवा रंग.' लढाई सुरू झाली आणि आठ वाजता फळ्यासमोर पन्नास-साठ माणसं उभी राहू लागली. ज्यांना वाचता येत नव्हतं ते म्हणायचे, "मोठ्यानं वाचा की गुरुजी." मी वाचायचो, आणि वाचताना लिहिलेल्यापेक्षा जरा जास्तच वाचायचो. 'आपली विमाने सुखरूप परतली' एवढंच रेडिओने सांगितलेलं असे. ती परतताना उन्हात कशी चमकत होती, हे माझ्या तोंडून बाहेर पडे.

"हे मी न्हाई ऐकलं, गुरुजी," शिंपी म्हणायचा. तो रोज मुद्दाम दुकान सोडून माझं वाचन ऐकायला यायचा.

"तुम्ही मशीन चालवत होतात."

"माज्या मशीनला एवडा आवाज न्हाई."

लोक हसायचे, पण ऐकायचे माझंच. काय दिवस होते ते! सगळं गाव उठल्यापासून भारलेलं. वीज होती सात-आठ घरांत, पण ज्यांच्याकडे नुसता कंदील त्यांनीही काचेला काळा कागद चिकटवला. शाळेच्या मागे सगळ्यांनी मिळून चर खणला. पहिल्या दोन दिवसांत त्यात एक शेळी पडली आणि मी पडलो. शेळी आपली आपण बाहेर आली.

या धामधुमीत आमची एक मोठी अडचण झाली. साखर कारखान्याचा भोंगा बंद झाला.

कारखाना आमच्यापासून दोन मैलांवर. त्याचा भोंगा पाळी बदलताना वाजे, सकाळी आठला, दुपारी चारला, रात्री बाराला, आणि आसपासच्या दहा-बारा गावांचं ते एकमेव घड्याळ होतं. आठच्या भोंग्याला बायका भाकऱ्या बांधायच्या, साडेआठच्या एसटीचे लोक फाट्याकडे निघायचे, चारच्या भोंग्याला बैलांना पाणी. लढाई सुरू झाल्यावर हुकूम आला की भोंगा आता फक्त विमानहल्ल्याच्या इशाऱ्यासाठी. हुकूम बरोबरच होता, पण एका दिवसात गावाची वेळ हरवली. शनिवारी दोन घरांत भाकऱ्या दोनदा झाल्या आणि एका घरात झाल्याच नाहीत.

गावात घड्याळं तीन. एक सरपंचांचं, ते नगरला गेले होते. एक रजेवर आलेल्या फौजीचं. ते त्याने नुकतंच बहिणीच्या लग्नात मेव्हण्याच्या मनगटावर बांधलं होतं. राहिलं माझं. मी ट्रेनिंग पास झालो तेव्हा वडिलांनी घेऊन दिलेलं. साहजिकच मी पुढे झालो.

"काळजी करू नका," मी चावडीसमोर जाहीर केलं. "भोंग्याच्या वेळेला मी शाळेचा टोल देईन."

शाळेचा टोल म्हणजे लिंबाच्या फांदीला तारेने टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. लोखंडी गजाने हाणला की पार मळ्यांपर्यंत ऐकू जायचा. त्याच शनिवारी चारला मी पहिला टोल दिला, रविवारीही दिला. माझ्या हाताने गाव उठत होतं, जेवत होतं, गाडी पकडत होतं. देशाची लढाई एका खांद्यावर आणि गावाची वेळ दुसऱ्या. माझी छाती इतकी फुगली होती की शिंप्याने सदऱ्याची मापं नव्याने घ्यायला हवी होती.

फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. माझ्या घड्याळाला रोज चावी द्यावी लागे, आणि ती मी इतकी वर्षं द्यायचो चारचा भोंगा ऐकून. भोंगा झाला की बोटं आपोआप चावीकडे जायची. शनिवार-रविवारी नव्या नवलाईने लक्षात राहिलं. सोमवारी चार वाजता मात्र तार आली.

तार फौजीच्या नावाची होती. घरात तो आणि त्याची आई, दोघंच. तो विहिरीवर गेला होता. पोस्टमनच्या हातात तार बघून ती माउली ओट्यावर मटकन बसली आणि मला हाक मारली. तिची सगळी पत्रं मीच वाचून दाखवायचो. कागद हातात घेऊन मी चष्मा पुसू लागलो तशी ती ओरडली, "थांबू नका गुरुजी! एका दमात वाचा. तुमी थांबला की माज्या जिवाचं पानी व्हतं."

मी एका दमात वाचलं. रजा रद्द, ताबडतोब हजर व्हा.

एवढ्यात तो आलाच. उंच, काळासावळा, माझ्याच वयाचा. तार दोनदा वाचून त्याने घडी केली आणि खिशात ठेवली. "उद्याची दहाची मनमाडची गाडी," तो म्हणाला. "ती घावली तर मनमाडला पुढची मेल घावती. ती चुकली तर एक दिस उशीर." आणि मग आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात मला म्हणाला, "गुरुजी, लढाई चालू असताना उशिरा जायचं म्हंजी लोक काय म्हनत्याल, ते तुमाला सांगाया नको."

"तुम्ही फक्त टोलाकडे कान ठेवा," मी म्हणालो. "आठच्या टोलाला घर सोडायचं, साडेआठची एसटी, दहाची गाडी."

त्या गडबडीत चार वाजून गेले आणि चारचा टोल मी धावत जाऊन उशिराच दिला. भोंगा नव्हता, म्हणून चावीही नव्हती.

मंगळवारी सकाळी सातच्या बातम्यांना माझं घड्याळ रेडिओशी बरोबर जुळत होतं. मी ते शिंप्याला मुद्दाम दाखवलं. त्या दिवशी बातम्याही अशा होत्या की नुसत्या शब्दांनी माझं समाधान होईना. मी ठरवलं, आज फळ्यावर नकाशा काढायचा. रंगीत खडू घेतले, शाळेकडे पाठ केली आणि सुरुवात केली. डाव्या बाजूला पश्चिमेची सरहद्द, उजव्या बाजूला पूर्वेची. घड्याळ बघितलं: सात पंचवीस. भरपूर वेळ. मग समुद्र घेतला. निळा खडू चांगला लांब होता, त्यामुळे बंगालचा उपसागर जरा हात सोडून काढला; तो नागपूरपर्यंत आला. घड्याळ: सात पंचवीस. मला वाटलं, वा, आज हात काय झपाझप चालतोय! समुद्रात जहाजं काढली. जहाजांना तोफा काढल्या. तोफांतून धूर काढला. लोक जमायला लागले, कौतुक करायला लागले.

"ह्यात आपला कारखाना कुटं?" एका म्हाताऱ्याने विचारलं. मी तोही काढला, धुराड्यासकट. घड्याळ: सात पंचवीस.

आता कुणीही शहाणा माणूस इथे थबकला असता. मी थबकलो नाही. माझ्या मनात उलट असा विचार आला की लढाईच्या काळात वेळ किती सावकाश जातो, आणि हा विचार मला इतका आवडला की तो फळ्यावर लिहावा का, असंही क्षणभर वाटलं.

तेवढ्यात फाट्याकडून एसटीचा हॉर्न ऐकू आला. एकदा, दोनदा. मग गिअर बदलल्याचा आवाज, आणि तो आवाज श्रीरामपूरच्या दिशेने बारीक होत गेला.

माझ्या हातातून निळा खडू पडला. मी धावत सुटलो तो थेट फौजीच्या दारात. तो खाकी कपडे चढवून, काळी पत्र्याची पेटी शेजारी ठेवून ओट्यावर ताठ बसला होता. आईच्या हातात ओवाळायचं ताट होतं आणि निरांजनातलं तूप संपत आलं होतं.

"टोल पडला का?" तिने विचारलं.

आणि मी काय बोललो? "एसटी आज लवकर गेली!" मी म्हणालो.

खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं आणि तेच बाहेर आलं. विमानं उन्हात चमकत होती ना, तसंच. "मुडदा बशीवला त्या डायवराचा!" ती कडाडली. फौजीने फक्त सूर्याकडे एकदा बघितलं.

"माझी सायकल आहे," मी म्हणालो. "चला."

तिने घाईघाईने त्याला ओवाळलं, लाडवांचा डबा माझ्याच गळ्यात पिशवीसकट अडकवला आणि आम्ही निघालो. मी पॅडलवर, मागे कॅरिअरवर फौजी, त्याच्या मांडीवर पेटी. पश्चात्तापाने पायांत बळ येतं असा माझा समज होता. तो पहिल्या मैलालाच संपला. माझ्या छातीचा भाता असा वाजत होता की रस्त्यातली कुत्रीसुद्धा बाजूला झाली.

"गुरुजी, उतरा," मागून आवाज आला. "पेटी घ्या अन् मागं बसा."

त्यानंतर सायकल जी सुटली! पेटीची कडी माझ्या हनुवटीवर, लाडवांचा डबा पोटावर, आणि पुढे त्याची रुंद पाठ. कालव्याच्या पुलाजवळ आल्यावर मात्र आम्ही दोघंही कळवळलो. समोर उसाच्या बैलगाड्यांची रांग, अख्खा रस्ता भरून, कारखान्याच्या वळणापर्यंत. एकेका गाडीवर ऊस असा लादलेला की बाजूने कुत्रं जाईना.

मी पेटीमागून मान काढून ओरडलो, "ओ गाडीवान! फौजी आहे! लढाईला चाललाय, गाडी गाठायचीय!"

शेवटच्या गाडीवानाने मागे वळून खाकी कपडे बघितले आणि पुढच्याला आरोळी दिली, "ए, फौजीला वाट दे रं!" त्याने त्याच्या पुढच्याला दिली. आम्ही बघतच राहिलो. ती आरोळी सायकलीच्या पुढे पुढे पळत गेली, आणि एकामागून एक बैल रस्त्याच्या कडेला दाबले जाऊ लागले. मधून वीतभर वाट उघडली. आम्ही आत घुसलो. दोन्ही बाजूंनी उसाची पाचटं तोंडावर सपासप बसत होती आणि वरून आवाज येत होते, "जा रं वाघा!" "परत ये रं बाबा!" "मागचं पार्सल कुनाचं?" हे शेवटचं माझ्याविषयी. माझी विजार साखळीत अडकून गुडघ्यापर्यंत फाटली, तेही मला स्टेशनवर गेल्यावर कळलं.

श्रीरामपूरच्या स्टेशनावर पाटी असते बेलापूरची. आम्ही त्या पाटीखालून आत शिरलो तेव्हा गाडी उभी होती आणि गार्डाने शिट्टी तोंडाशी नेली होती. फौजीने एका उडीत डबा गाठला. मी पेटी घेऊन मागोमाग आत. लोकांच्या पायांतून वाट काढत पेटी बाकाखाली ढकलली, लाडवांचा डबा वर ठेवला, हात झटकले आणि समाधानाने खिडकीबाहेर बघितलं. फलाट मागे चालला होता.

"गुरुजी," फौजी म्हणाला, "तुमी बी येताय व्हय लढाईला?"

सगळा डबा हसला. मीही हसलो. गाडी मिळाली होती! बिनतिकिटाचा, फाटक्या विजारीचा मी त्या डब्यात जागच्या जागी नाचायचा तेवढा राहिलो होतो. शेजारच्याला वेळ सांगावी म्हणून मी रुबाबात हात वर केला, आणि फौजीने माझं मनगट धरलं.

सात पंचवीस.

त्याने घड्याळ कानाला लावलं. मग माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं, आणि पहिल्यांदाच त्यातून काही बाहेर आलं नाही.

त्याने माझ्या हातातून घड्याळ सोडवलं, सावकाश पूर्ण चावी दिली, समोरच्या माणसाला वेळ विचारून काटे लावले आणि घड्याळ परत माझ्या मनगटावर बांधलं.

"चावी द्यायची ऱ्हायली," एवढंच तो म्हणाला. आणि मग डबा उघडून माझ्यापुढे लाडू धरला.

पुढे चितळी स्टेशनावर मी उतरलो. परत येताना दिवसभर त्या लाडवाची चव तोंडात होती आणि बरी लागत नव्हती.

गावात आल्यावर त्याच्या आईने विचारलं, "घावली का गाडी?" "घावली," मी म्हणालो. तेव्हाच पुढचंही सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती मला साक्षीला घेऊन फाट्यावर गेली, एसटीपुढे आडवी उभी राहिली आणि ड्रायव्हरला असं काही बोलली की आतल्या प्रवाशांनी माना बाहेर काढल्या.

"मावशी, गाडी साडेआठलाच होती हो," तो गरीब माणूस म्हणाला.

"मंग आमचे गुरुजी खोटं बोलत्यात व्हय?"

ड्रायव्हर माझ्याकडे बघत राहिला. मी समोरच्या बाभळीकडे बघत राहिलो. इतकं लक्ष देऊन मी बाभळ कधी बघितलेली नाही.

लढाई दोन आठवड्यांत संपली. जिंकल्याची बातमी मी फळ्यावर लाल खडूने लिहिली, शब्दाला शब्द, एकही चमकणारं विमान न घालता. तरी लोक नाचले. गुलाल उधळला गेला, शिंप्याने ट्रान्झिस्टर डोक्यावर घेऊन मिरवला, कारखान्याने भोंगा वाजवला तो किती वेळ थांबेचना. त्या कल्लोळात फौजीची आई माझ्याजवळ आली. "आता माज्या पोराचं सांगा," ती म्हणाली. "त्याचं काय लिवलंय?"

मी फळ्याकडे बघितलं. एवढा मोठा फळा, काठोकाठ भरलेला, आणि तिला हवी ती एक ओळ त्यात कुठेच नव्हती. रोज सकाळी ती यायची आणि विचारायची. मी रोज मान हलवायचो. मनात यायचं, ती मेल मनमाडला मिळाली का? का माझ्या नकाशापायी तो कुठे भलतीकडेच अडकला?

जानेवारीत एका दुपारी कार्ड आलं. ती शेतातून खुरपं घेऊन तशीच पळत आली. पाठोपाठ शिंपी, आणि आणखी दहा-पंधरा माणसं. मी वाचायला लागलो. "तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. दंडाला थोडं लागलं होतं, ते भरलं. मेल मिळाली, वेळेवर हजर झालो. बहिणीला सांग." इथपर्यंत माझा आवाज खणखणीत होता. पुढची ओळ डोळ्यांनी वाचली आणि मी थांबलो.

"का थांबला?" तिचा चेहरा पांढरा पडला. खुरपं हातातून गळालं. "गुरुजी, काय लिवलंय? हात गेला का त्याचा? सांगा!"

कार्ड माझ्या हातात होतं. ती ओळ गाळून पुढे जाता आलं असतं. पण ती माझ्या तोंडाकडे ज्या नजरेने बघत होती, तिच्यासमोर आणखी एक क्षणही थांबणं शक्य नव्हतं. मी एका दमात वाचलं: "गुरुजींना विचार, घड्याळाला चावी देतात का? त्या दिवशी एसटी लवकर गेली नव्हती, त्यांचं घड्याळ बंद पडलं होतं. पण सायकलवर मजा आली. तुझा मुलगा."

शिंपी खालच्या आवाजात म्हणाला, "इमानं चमकली तवाबी माजं मशीन बंदच व्हतं."

ती मात्र अजून माझ्याकडेच बघत होती. "म्हंजी हात हाय?"

"आहे."

"दोन्ही?"

"दोन्ही आहेत. दंडाला लागलं होतं, ते भरलंय."

तिने पदर डोळ्यांना लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग खाली बसली आणि म्हणाली, "पुन्ना वाचा. पैल्यापासनं."

मी पुन्हा वाचलं. नंतर आलेल्या प्रत्येकासाठी तिने मला पुन्हा वाचायला लावलं. मी हळूच शेवटच्या ओळींवरून उडी मारू लागलो की ती बोट वर करायची: "समदं वाचा. त्याच्या हातचं हाय." संध्याकाळपर्यंत गावात एकही माणूस राहिला नाही ज्याला माझ्या घड्याळाची हकिगत माझ्याच तोंडून ऐकायला मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळ्यावर फक्त दोन बातम्या लिहिल्या. वर मोठ्या अक्षरांत, आपल्या गावचा फौजी खुशाल आहे. तळाशी, कालवडीच्या जागी: त्या मंगळवारी एसटी वेळेवर होती.

लिहून हात झटकतो तोच ती लाडवांची पुरचुंडी घेऊन उभी. "चला," ती म्हणाली. "मी त्या बिचाऱ्याला लई बोलले. तुमच्यापायी."

आम्ही फाट्यावर गेलो. एसटी आली. तिने खिडकीतून पुरचुंडी आत दिली आणि मला दंडाला धरून पुढे केलं. मी सगळं सांगितलं. नकाशा, उपसागर, सात पंचवीस, सगळं. आतले प्रवासी पुन्हा माना बाहेर काढून ऐकत होते. ड्रायव्हरने एक लाडू तोंडात टाकला, शांतपणे खाल्ला, हात विजारीला पुसले.

"किती वाजले, गुरुजी?" त्याने विचारलं.

मी घड्याळ बघितलं. मग कानाला लावून बघितलं. चालू होतं.

"साडेआठ," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

त्याने दोनदा हॉर्न वाजवला आणि गाडी सोडली.